पेशीचा सांगाडा आणि नव्या रक्तवाहिन्या

जखम भरून येऊ लागली म्हणजे तिच्या तळाशी लालसर, ओलसर, बारीक दाण्यांचा एक थर दिसू लागतो. वैद्यकीय भाषेत याला ग्रॅन्युलेशन म्हणतात. त्यातील प्रत्येक दाणा म्हणजे नव्याने उगवलेल्या केशवाहिन्यांचा एक इवलासा झुबका असतो, आणि म्हणूनच त्याला किंचित धक्का लागला तरी रक्त येते. इंदुरात शल्यचिकित्सा करीत असताना गेली तीसहून अधिक वर्षे मी हा थर पाहत आलो आहे. ज्या जखमेत तो दिसतो ती भरते. जिच्यात तो दिसत नाही ती फिकट जखम महिनोन्‌महिने तशीच राहते, आणि ती मधुमेही रुग्णाच्या पायावर असेल तर बोट वाचेल की पाऊलही जाईल, असा पुढचा प्रश्न उभा राहतो.

अशा वेळी रुग्णाचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टरसाहेब, नवीन रक्तवाहिन्या तयार करणारे इंजेक्शन निघाले आहे म्हणतात. ते आपण का देत नाही?" कोणी वर्तमानपत्रातील कात्रण आणते, कोणी मोबाईलवर जाहिरात दाखवते. प्रश्न रास्त आहे, आणि त्यामागची तळमळ खरी आहे. मात्र त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी रक्तवाहिनीच्या एका पेशीच्या आत डोकावून पाहावे लागते. तसे पाहिले म्हणजे ध्यानात येते, की ज्याला आपण वृद्धिघटक म्हणतो तो केवळ एक निरोप असतो. तो ऐकून पेशीने वाढायचे, नळी बनायचे, की मरून जायचे, हे पेशीचा आकार आणि तिच्या आतल्या सांगाड्यातील ताण यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टर मंडळी आहेत, तसेच समाजातील इतर सुजाण बंधुभगिनीही आहेत. सुरुवातीच्या काही परिच्छेदांत डॉक्टर मित्रांना माहितीची पुनरुक्ती वाटली, तर त्यांनी ती गोड मानून घ्यावी.

नव्या वाहिन्यांची गरज

प्राणवायू रक्तातून बाहेर पडून ऊतींमध्ये फार दूरवर झिरपू शकत नाही. साधारणपणे १०० ते २०० मायक्रॉन ही त्याची मर्यादा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणून आपल्या बहुतेक सर्व पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीच्या इतक्या निकट वसलेल्या असतात. जिथे नवीन ऊती तयार व्हायच्या तिथे नवीन वाहिन्या आधी किंवा बरोबरीने यायलाच हव्यात. अस्तित्वात असलेल्या वाहिनीला अंकुर फुटून नवी वाहिनी तयार होण्याच्या या क्रियेस अँजिओजेनेसिस म्हणतात. आपण तिला वाहिनीजनन म्हणू.

या विषयाला आजचे महत्त्व प्राप्त करून दिले ते बोस्टनचे शल्यचिकित्सक डॉ. ज्युडा फोकमन यांनी. १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने सशाची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर काचपात्रात जिवंत ठेवली आणि तीत कर्करोगाच्या पेशी टोचल्या. गाठी वाढल्या, पण एक-दोन मिलिमीटरच्या झाल्यावर थांबल्या. त्याच गाठी जिवंत उंदरात घातल्या तेव्हा मात्र त्या झपाट्याने फोफावल्या. काचपात्रात त्यांना नव्या रक्तवाहिन्या मिळत नव्हत्या, उंदरात मिळाल्या. १९७१ साली फोकमन यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये असा विचार मांडला, की वाढणारी गाठ आपल्यासाठी नव्या वाहिन्या बोलावून घेते आणि ती वाट रोखली तर गाठीची वाढ रोखता येईल. त्या काळी अनेकांनी तो मनावर घेतला नाही. पुढे १९८९ साली नेपोलियोने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हा प्रथिनरूपी वृद्धिघटक वेगळा करून दाखविला. त्याला रोखणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले. याच वर्गातील औषधे आज नेत्रतज्ज्ञ मधुमेहाने बिघडलेल्या दृष्टिपटलासाठी डोळ्यात टोचतात.

येथवरची कथा निरोपाची झाली. आता तो ऐकणाऱ्या पेशीकडे वळू.

सांगाडा कशाचा?

शाळेच्या पुस्तकातील पेशीचे चित्र म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी आणि मधोमध केंद्रक. प्रत्यक्षात पेशीच्या आत तंतूंचे दाट जाळे असते. त्यालाच पेशीचा सांगाडा, अर्थात सायटोस्केलेटन म्हणतात. त्यात मुख्यतः तीन प्रकारचे तंतू असतात. सर्वांत बारीक ते ॲक्टिनचे सूक्ष्मतंतू, सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दुसऱ्या आहेत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका. त्या आतून पोकळ असून त्यांचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो. तिसरे मध्यम जाडीचे, सुमारे १० नॅनोमीटरचे तंतू. वाहिनीच्या अस्तरपेशींत ते व्हायमेंटिन या प्रथिनाचे असतात.

'सांगाडा' या शब्दाने मात्र थोडी फसगत होते. आपली हाडे वर्षानुवर्षे तशीच राहतात, पण हा सांगाडा सतत मोडला आणि उभारला जात असतो. सूक्ष्मनलिका वाढता वाढता अचानक कोसळते आणि पुन्हा वाढू लागते. मिचिसन आणि किर्शनर यांनी १९८४ साली हा चंचलपणा दाखवून दिला. ॲक्टिनच्या तंतूंना मायोसिन हे प्रथिन खेचून धरते. आपल्या स्नायूंत जे घडते तेच इथे लहान प्रमाणावर घडते, आणि म्हणून प्रत्येक पेशीत कायम एक ताण असतो. पेशीच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाची प्रथिने आतील ॲक्टिनला बाहेरच्या कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन इत्यादींच्या जाळ्याशी बांधून ठेवतात. शेजारच्या दोन पेशींना व्हीई-कॅडहेरिन हे प्रथिन एकमेकींशी जखडते. त्यामुळे एका पेशीतला ताण तिच्यापुरता राहत नाही. तो जमिनीपर्यंत आणि शेजारणीपर्यंत पोहोचतो.

हा ताणाचा विचार पुढे नेला तो फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या डॉ. डोनाल्ड इंगबर यांनी. काही भाग ओढलेले आणि काही दाबलेले असले की रचना स्थिर राहते, हे तत्त्व त्यांनी पेशीला लावले. गणेशोत्सवाचा मांडव आठवावा. दोर ताणलेले असतात, बांबू दाब सोसतात, आणि दोन्ही मिळून मांडव उभा राहतो. एक दोर सैल केला तर केवळ त्या कोपऱ्यात नव्हे, साऱ्या मांडवात फरक पडतो. इंगबर यांच्या मांडणीनुसार पेशीत ॲक्टिनचे तंतू दोरांचे आणि सूक्ष्मनलिका बऱ्याच अंशी बांबूंचे काम करतात.

वाहिनीला अंकुर फुटतो तेव्हा

प्रौढ शरीरातील वाहिन्यांच्या अस्तरपेशी एरवी अत्यंत शांत असतात. त्यांचे विभाजन क्वचितच होते. प्राणवायू कमी पडलेल्या भागातून व्हीईजीएफ झिरपू लागले म्हणजे अस्तरातील एखादी पेशी पुढाकार घेते. तिला अग्रपेशी म्हणतात. ती आपल्या अंगातून बोटांसारखे लांब, बारीक तंतू बाहेर काढते आणि व्हीईजीएफचे प्रमाण ज्या दिशेला अधिक त्या दिशेला सरकते. होल्गर गेरहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली उंदराच्या दृष्टिपटलात हे दाखविले. तिच्या मागच्या पेशी, म्हणजे देठपेशी, विभाजन पावून अंकुराची लांबी वाढवितात आणि आतली पोकळी घडवितात. अग्रपेशी शेजारणींना 'तुम्ही मागेच राहा' असा संकेतही देते. तो नसता तर प्रत्येकच पेशी पुढे धावली असती आणि नळीऐवजी नुसता गुंता झाला असता.

या प्रत्येक पायरीवर काम सांगाड्याचेच असते. अग्रपेशीची बोटे म्हणजे ॲक्टिनच्या तंतूंच्या जुड्या. त्यांच्या उभारणीवर तीन छोटी नियामक प्रथिने देखरेख करतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलन हॉल यांच्या गटाने १९९२ ते १९९५ या काळात त्यांची कामे उलगडली. सीडीसी-४२ हे प्रथिन बारीक बोटे काढते, रॅक पेशीची पसरट कड पुढे सरकविते, आणि ऱ्हो हे ॲक्टिनच्या जाड दोऱ्या वळून त्या मायोसिनकरवी आवळते. पुढे जाण्यासाठी पहिली दोन हवीत, मागचा भाग ओढून घेण्यासाठी तिसरे हवे. सूक्ष्मनलिका पेशीला दिशा देतात आणि लागणारा माल पुढच्या टोकाशी पोहोचवितात.

आकारावर ठरते भवितव्य

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की सांगाडा हा निरोप पाळणारा नोकर झाला, निर्णय तर निरोपाचाच. हा समज ज्या प्रयोगांनी दूर केला ते मला या विषयातील सर्वांत सुंदर प्रयोग वाटतात, कारण त्यांची कल्पना कोणालाही समजण्याजोगी आहे.

१९७८ साली फोकमन आणि मॉस्कोना यांनी काचपात्राच्या तळाला एका पदार्थाचे कमी-अधिक जाडीचे लेप दिले. हा पदार्थ मऊ कॉन्टॅक्ट लेन्समध्ये वापरला जातो आणि त्याला पेशी नीट चिकटत नाहीत. लेप पातळ असेल तिथे पेशी पसरट झाल्या, जाड असेल तिथे गोल राहिल्या. पोषणद्रव्य सर्वांना सारखेच होते. तरीही पसरलेल्या पेशी डीएनए तयार करून विभाजनाच्या मार्गाला लागल्या आणि गोल पेशींत ती क्रिया मंदावली.

१९८९ साली इंगबर आणि फोकमन यांनी केशवाहिनीच्या अस्तरपेशींना एकच वृद्धिघटक दिला, पण पायाखालच्या फायब्रोनेक्टिनसारख्या चिकट प्रथिनांचे प्रमाण बदलले. भरपूर प्रथिन असलेल्या तळावर पेशी पसरल्या आणि संख्येने वाढल्या. अगदी कमी असलेल्या तळावर त्या गोल राहिल्या आणि वाढल्या नाहीत. मध्यम प्रमाणाच्या तळावर त्या एकमेकींना ओढून घेत नळीसारख्या रचना करू लागल्या. वृद्धिघटक एक आणि परिणाम तीन!

शंका उरतेच. चिकट प्रथिन जास्त म्हणजे त्यातून मिळणारा रासायनिक संकेतही जास्त, मग हा परिणाम आकाराचा कशावरून? १९९७ साली ख्रिस्तोफर चेन, इंगबर, जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' मासिकात याचे उत्तर दिले. त्यांनी चिकट प्रथिनाची सूक्ष्म बेटे छापली. लहानशा बेटावर अडकलेली पेशी मेली, मोठ्या बेटावर पसरलेली पेशी वाढली. मग त्यांनी एका मोठ्या बेटाऐवजी अनेक बारीक ठिपके थोड्याथोड्या अंतरावर छापले. चिकटण्याची एकूण जागा तेवढीच, पण पेशी ठिपक्यांवर पाय रोवून दूरवर पसरली. ती वाढली! म्हणजे निर्णायक गोष्ट चिकटण्याचे क्षेत्रफळ नसून पेशी किती ताणली गेली ही होती. १९९९ साली याच गटाने दाखविले, की १० मायक्रॉन रुंदीच्या पट्टीवर अस्तरपेशी वाढ थांबवून केशवाहिनीसारखी नळी बनवितात, तर ३० मायक्रॉन रुंदीच्या पट्टीवर त्या वाढतच राहतात.

आपल्या घराघरांत संगीताची आवड आहे, म्हणून तबल्याचे उदाहरण देतो. पुडीवर पडणारी थाप तीच असली तरी वाद्या आणि गट्टे यांनी ताण कसा बसविला आहे यावर निघणारा स्वर अवलंबून असतो. वादी सैल झालेल्या तबल्यावर कितीही जोराने थाप मारली तरी स्वर लागत नाही. वृद्धिघटक ही थाप आहे आणि पेशीचा सांगाडा हे तिचे ताण बसविणारे अंग आहे.

ताण केंद्रकापर्यंत कसा पोहोचतो?

ताणासारखी यांत्रिक गोष्ट जनुकांपर्यंत कशी पोहोचते, याचा उलगडा गेल्या काही वर्षांत होत गेला. २०११ साली इटलीतील स्टेफानो पिकोलो यांच्या गटाने दाखविले, की पेशी पसरलेली आणि ताणलेली असली की वायएपी आणि टॅझ ही दोन प्रथिने केंद्रकात शिरून वाढीची जनुके चालू करतात, आणि ताण गेला की बाहेर येतात. त्याआधी २००९ साली इंगबर यांच्या गटाने 'नेचर'मध्ये आणखी नेमकी गोष्ट सांगितली होती. पेशीखालची जमीन मऊ आहे की कठीण, यानुसार ऱ्होची क्रिया बदलते, तिच्यामुळे जनुकांचे दोन परस्परविरोधी नियंत्रक वरचढ-कमजोर होतात, आणि अखेर पेशीवरील व्हीईजीएफच्या ग्राहकाचे, म्हणजे तो निरोप ऐकणाऱ्या कानाचेच प्रमाण बदलते.

वाहत्या रक्ताचा स्पर्शही पेशीला कळतो. २०१० साली आर्डेम पटापुटियन यांच्या गटाने शोधलेली पिएझो-१ ही वाहिका दाबाने उघडते. उंदराच्या गर्भात रक्तवाहिन्या नीट घडण्यासाठी ती आवश्यक असल्याचे २०१४ साली सिद्ध झाले. स्पर्शसंवेदनेवरील संशोधनाबद्दल पटापुटियन यांना २०२१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

ताण हवा, पण तो प्रमाणातच हवा. मेंदूतील कॅव्हर्नोमा या विकारात पातळ भिंतीच्या, फुगलेल्या वाहिन्यांचे पुंजके होतात आणि त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. त्याच्या आनुवंशिक प्रकारात तीनपैकी एका जनुकात दोष असतो. हा दोष असलेल्या अस्तरपेशींत ऱ्होची क्रिया प्रमाणाबाहेर वाढते, आवळणाऱ्या दोऱ्या वाढतात आणि शेजारच्या पेशींमधील सांधे गळू लागतात. कर्करोगाच्या गाठीतील वाहिन्यांचे अस्तरही असेच बिघडलेले असते. स्तनातील कठीण गाठ बोटांना लागते तेव्हा आपण रोगाचे एक लक्षण तपासत असतो. तोच कठीणपणा आतल्या वाहिन्यांनाही जाणवतो आणि त्या वेड्यावाकड्या, गळक्या होण्यास हातभार लावतो.

वनस्पतींतून आलेली औषधे

सांगाड्यावर काम करणारी औषधे आपण फार पूर्वीपासून वापरतो, फक्त त्या नावाने ओळखत नाही. गाऊटसाठी दिले जाणारे कोल्चिसिन ट्युब्युलिनला बांधून सूक्ष्मनलिकांची उभारणी रोखते. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन मिळतात. ही मूळची मादागास्करची वनस्पती मधुमेहावर उपयोगी पडते का, हे कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर तपासत होते. साखर उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्यातून कर्करोगावरचे औषध हाती आले. आजही काही मंडळी मधुमेहासाठी सदाफुलीची पाने किंवा फुले चघळतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की या झाडात पेशींचे विभाजन थांबविणारी द्रव्ये आहेत हे ध्यानात घेऊन हा प्रयोग करू नये.

पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून मिळालेले पॅक्लिटॅक्सेल याउलट काम करते. ते सूक्ष्मनलिकांना कोसळूच देत नाही, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ साली दाखविले. मोडणे थांबले की नवे उभारणेही थांबते. ही औषधे नेहमीच्या मात्रेत कर्कपेशींचे विभाजन रोखतात. प्रयोगशाळेत असे आढळले, की त्याहून कितीतरी कमी मात्रेतही ती अस्तरपेशींची हालचाल आणि नळी बनविण्याची क्रिया थांबवू शकतात. आफ्रिकेतील एका झुडपापासून मिळालेले कॉम्ब्रेटास्टॅटिन तर गाठीतील वाहिन्यांच्या अस्तरपेशींचा आकारच पालटून टाकते. त्या गोल होऊन फुगतात आणि गाठीतला रक्तप्रवाह थोड्याच वेळात मंदावतो. मात्र गाठीच्या कडेची पेशींची रांग बाहेरच्या निरोगी वाहिन्यांवर जगते आणि तिथून गाठ पुन्हा वाढते, म्हणून एकट्या या औषधावर विसंबता आलेले नाही.

कमी मात्रा, पण खंड न पाडता, या पद्धतीस मेट्रोनॉमिक उपचार म्हणतात. २००० साली क्लेमेंट आणि सहकाऱ्यांनी व्हिनब्लास्टिनची अल्प मात्रा आणि व्हीईजीएफचा ग्राहक रोखणारे प्रतिपिंड एकत्र देऊन उंदरांतील गाठी दीर्घकाळ मागे हटविल्या. एक औषध पेशीचा सांगाडा अडवीत होते आणि दुसरे तिचा कान झाकीत होते. पुढे ही कमी मात्रेची कल्पना इतर औषधांनाही लावली गेली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ४२२ रुग्णांच्या चाचणीत डोके व मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगासाठी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब तोंडावाटे कमी मात्रेत देण्यात आले. या रुग्णांचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने, तर शिरेतून सिस्प्लॅटिन दिलेल्यांचे ६.१ महिने भरले. ही दोन औषधे सांगाड्यावरची नव्हेत आणि लाभलेला काळही अल्प आहे. पण वाहिन्यांनाही लक्ष्य मानणाऱ्या विचारातून स्वस्त, घरी घेता येणारा उपचार हाती आला, हे आपल्यासारख्या देशात लहान नाही.

ऱ्होच्या पुढची पायरी रोखणारे फासुडिल हे औषध जपानमध्ये १९९५ पासून मेंदूतील रक्तस्रावानंतरच्या वाहिनीसंकोचासाठी मान्य आहे. याच वर्गातील थेंब आता काचबिंदूसाठी वापरले जातात.

ताण आणि जखम

शल्यचिकित्सकांनी मात्र औषधाविनाही ताणाचा उपयोग करून घेतला आहे. सायबेरियातील कुर्गान येथील गॅव्ह्रिल इलिझारोव्ह यांनी हाड कापून त्याची टोके दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत, अशी हळूहळू दूर नेली. मधल्या जागेत हाड तर तयार झालेच, शिवाय त्या भागात भरपूर नव्या रक्तवाहिन्याही उगवल्या. घाईने ओढले तर हे घडत नाही. हळू आणि सतत ताण दिला तरच ऊती प्रतिसाद देतात.

दुसरे उदाहरण जखमेवर स्पंज बसवून हवा शोषून घेणाऱ्या यंत्राचे. मॉरिक्वास आणि अर्जेंटा यांनी १९९७ साली पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर इतक्या ऋण दाबाचा हा उपचार मांडला. यात पाणी आणि सूज उतरते हे खरेच, पण २००४ साली एका संगणकीय अभ्यासात असेही दिसले, की स्पंजाच्या छिद्रांत खेचला जाणारा जखमेचा पृष्ठभाग ५ ते २० टक्के ताणला जातो. प्रयोगशाळेत पेशींना वाढीस लावणारा ताण याच टप्प्यातला असतो. अर्थात मृत ऊती न काढता, उघड्या पडलेल्या मोठ्या वाहिनीवर किंवा कर्करोगाच्या जखमेवर हे यंत्र लावू नये.

मग इंजेक्शनचे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. निरोप टोचून वाहिन्या उगवतील ही आशा शास्त्रज्ञांनीही बाळगली आणि ती प्रामाणिकपणे तपासली. हृदयविकाराच्या रुग्णांना व्हीईजीएफ देणाऱ्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० दिवसांनंतर औषध आणि निष्क्रिय द्रव यांच्यात फरक आढळला नाही. रक्तपुरवठा अत्यंत कमी झालेल्या पायांसाठी दुसऱ्या एका वृद्धिघटकाचे जनुक स्नायूंत टोचण्याची ५२५ रुग्णांची चाचणी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. पाय कापावे लागण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण तिच्यात घटले नाही. या अपयशाची कारणे अनेक आहेत. मात्रा, औषध टिकण्याचा काळ, मुख्य धमनीच बंद असणे, ही त्यांपैकी काही. परंतु पेशीच्या सांगाड्याने शिकविलेला धडा त्यांत निश्चित बसतो. दीर्घकाळच्या मधुमेहात साखर कोलॅजेनला चिकटून त्याचे धागे एकमेकांत जखडते आणि ऊती ताठर होतात. जंतुसंसर्ग आणि मृत ऊती यांमुळे पेशीला पाय रोवायला जागाच उरत नाही. अशा जमिनीवर निरोप कितीही मोठ्याने दिला तरी नीट वाहिनी उभी राहणे कठीण आहे.

म्हणूनच पायाच्या जखमेसाठी आमचा क्रम साधा आणि कंटाळवाणा असतो. प्रथम पायातील रक्तप्रवाह तपासावा, मोठी धमनी बंद असेल तर ती उघडण्याचा विचार करावा. मृत ऊती काढाव्यात, संसर्ग आटोक्यात आणावा. जखमेवर शरीराचा भार पडू देऊ नये. चालताना दर पावलागणिक कोवळ्या केशवाहिन्या चिरडल्या जात असतील तर कोणतेही मलम कामाचे नाही. साखर ताब्यात ठेवावी आणि तंबाखू पूर्ण सोडावी. या पायऱ्या पार पडल्यावर, काही जखमांत, वृद्धिघटकाचे मलम किंवा ऋण दाबाचे यंत्र उपयोगी पडते. डॉक्टर मित्रांना एवढेच स्मरण करून देतो, की उलट दिशेची काळजीही तितकीच महत्त्वाची आहे. कर्करोगासाठी बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्या रुग्णाची नियोजित शस्त्रक्रिया शेवटच्या मात्रेनंतर किमान २८ दिवसांनी करावी, आणि शस्त्रक्रियेनंतरही किमान तितके दिवस जाऊन जखम पूर्ण भरेपर्यंत ते औषध पुन्हा सुरू करू नये.

समाजबांधवांना माझे सांगणे असे, की 'नव्या रक्तवाहिन्या उगवून पाय वाचवितो' अशी हमी देणाऱ्या महागड्या इंजेक्शनसाठी दागिने मोडण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पायातील रक्तप्रवाहाची तपासणी झाली आहे काय? जखम स्वच्छ करून तिच्यावरचा भार काढला आहे काय? आणि हे औषध या आजारासाठी मान्यताप्राप्त आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर नाही असे आले, तर पैसे राखून ठेवावेत आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. मधुमेही व्यक्तीने रोज रात्री आपले तळपाय स्वतः पाहावेत, दिसत नसतील तर घरच्यांनी पाहावेत. त्यास पैसे पडत नाहीत, आणि माझ्या अनुभवात त्याने अनेक पावले वाचली आहेत.